गोरिला पाहायला निघण्याआधी
(रवांडा-युगांडा सहलीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सहलीची चौकशी करताना बहुतेक जण दोन प्रश्न हमखास विचारतात. परमिट एवढं महाग का? आणि एवढे पैसे मोजून तासाभरात परत का फिरायचं? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, पण ते फोनवर घाईत सांगून होत नाही. म्हणून हा कागद. पैसे भरण्याआधी सहलीला येणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा, घरच्यांच्या आग्रहाखातर येणाऱ्यांनीसुद्धा.

कुठे आहेत, किती आहेत

पर्वतीय गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. एक विरुंगा ज्वालामुखींची रांग, जिथे रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमा भिडतात. दुसरं युगांडातलं ब्विंडीचं जंगल आणि त्याला लागून असलेलं काँगोतलं सारांब्वे. २०१५-१६ च्या मोजणीत विरुंगात ६०४ आणि २०१८ च्या मोजणीत ब्विंडी-सारांब्वेत ४५९ गोरिला आढळले. एकूण १,०६३. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात.

तरीही ही बातमी चांगली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला होते. संख्या वाढल्यामुळेच २०१८ मध्ये त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून काढून ‘संकटग्रस्त’ यादीत टाकलं गेलं. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात काहींनी गोरिला पाहिले असतील. ते पश्चिम आफ्रिकेकडच्या सखल जंगलातले, वेगळ्या जातीचे. पर्वतीय गोरिला कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाहीत. जंगलात संपले की संपलेच.

त्यात मादीला साधारण चार वर्षांनी एकदा पिल्लू होतं. त्यामुळे एक मोठं जनावर गेलं तर ती जागा भरून निघायला फार वेळ लागतो.

बंदूक, फास आणि कोळसा

गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये रवांडात करिसोके संशोधन केंद्र सुरू केलं, तेव्हा पिल्लं पकडण्यासाठी आणि मुंडकी-पंजे विकण्यासाठी शिकार चालायची. त्यांचा लाडका नर डिजिट १९७७ च्या अखेरीस शिकाऱ्यांनी मारला, आणि १९८५ मध्ये खुद्द फॉसींचा त्यांच्याच झोपडीत खून झाला. गोरिलासाठीच केलेली शिकार आता क्वचित होते. फास मात्र अजून लावले जातात. ते असतात छोट्या हरणांसाठी, पण गोरिलाचा हात किंवा पाय त्यात अडकतो आणि दोरी मांसात रुतत जाते. २०२० मध्ये ब्विंडीतला राफिकी हा कुटुंबप्रमुख नर असाच लहान जनावरांमागे आलेल्या शिकाऱ्याच्या भाल्यानं मेला. शिकाऱ्याला ११ वर्षांची कैद झाली.

काँगोच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. २००७ मध्ये तिथे एका कुटुंबातले गोरिला गोळ्या घालून मारले गेले आणि मढी तशीच टाकून दिली गेली. संशय होता कोळशाच्या धंद्यावर: राखीव जंगलातली झाडं जाळून कोळसा पाडणाऱ्यांना रेंजर आडवे येत होते, त्यांना धमकावण्यासाठी हे केलं असावं. विरुंगा उद्यानात आजवर २०० हून अधिक रेंजर कामावर असताना मारले गेले आहेत. तिकडचं परमिट सगळ्यांत स्वस्त असलं तरी आम्ही तिकडे सहल नेत नाही. सशस्त्र टोळ्यांच्या प्रदेशात ग्राहकांना नेणं आमच्या हिशेबात बसत नाही.

जाता जाता: मोबाइलमधल्या कोल्टन खनिजामुळे पर्वतीय गोरिला मरतात, असा मेसेज अधूनमधून फिरतो. कोल्टनच्या खाणींचा तडाखा मुख्यतः काँगोच्या सखल भागातल्या ग्राउअर या वेगळ्या उपजातीच्या गोरिलांना बसला आहे. संकट खरं आहे, पण ते यांचं नव्हे.

तुमची सर्दी

हा भाग लक्षपूर्वक वाचा. माणूस आणि गोरिला यांचा जनुकीय साठा सुमारे ९८ टक्के सारखा असल्यामुळे आपले बरेच आजार त्यांना होतात, आणि त्या आजारांची सवय त्यांच्या शरीराला नसते. आपल्याकडे आल्याच्या चहावर निभावणारा खोकला तिथे न्यूमोनिया होऊ शकतो. २००९ मध्ये रवांडातल्या हिर्वा नावाच्या गोरिला कुटुंबात माणसांमधल्या श्वसनरोगाचा विषाणू पसरला आणि एक मादी व एक पिल्लू दगावलं. त्याआधी १९९६ मध्ये ब्विंडीत खरजेची साथ येऊन एक पिल्लू गेलं. शेतात आलेल्या गोरिलांना ती बुजगावण्यांच्या मळक्या कपड्यांतून लागली असावी, असं पशुवैद्यक ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांचं मत. गावकरी आजारी राहिले तर गोरिलाही आजारी पडणार, हे ओळखून त्यांनी २००३ मध्ये दोघांच्याही आरोग्यासाठी संस्था काढली.

म्हणून तिथले नियम कडक आहेत. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटक भेटतात, तेही एक तास. तोंडावर मास्क, १० मीटरचं अंतर, खाणं-पिणं बंद, फोटोला फ्लॅश बंद, वयाची अट १५ वर्षं. ‘आमचा मुलगा १४ चा आहे, पण दिसतो मोठा’ असं आम्हाला सांगू नका. तिथे पासपोर्ट पाहतात. पिल्लू कुतूहलानं तुमच्याकडे आलं तर मागे सरकायचं तुम्ही. सेल्फीसाठी पुढे झुकणाऱ्यांना गाइड ओरडतो, आणि आमचा माणूस त्याचीच बाजू घेतो.

ताप, खोकला, जुलाब यांपैकी काहीही असेल तर आदल्या रात्री आमच्या सहलप्रमुखाला सांगा. गोळी घेऊन लपवू नका. आजारी माणसाला आम्ही वर जाऊ देत नाही. अशा वेळी परमिटचे पैसे किती परत मिळतात, याचे नियम दोन्ही देशांत वेगळे असून बदलतातही. बुकिंगच्या दिवशी लागू असलेला नियम आम्ही लेखी देतो.

पैसे जातात कुठे

रवांडाचं परमिट २०१७ पासून १,५०० डॉलर आहे, युगांडाचं जुलै २०२४ पासून ८००. सकाळी तुम्ही नाश्ता करत असता तेव्हा माग काढणारे लोक गोरिलांनी रात्री झोपायला केलेल्या घरट्यांपर्यंत पोचलेले असतात आणि वायरलेसवर गाइडला दिशा कळवतात. वर्षाचे ३६५ दिवस चालणारी ही राखण, फास शोधून काढणारी गस्त, सगळं याच पैशावर उभं आहे. जखमी गोरिलाला जंगलातच भूल देऊन फास काढणारे ‘गोरिला डॉक्टर्स’चे पशुवैद्यकही आहेत, त्यांची संस्था मुख्यतः देणग्यांवर चालते.

उरलेला प्रश्न जमिनीचा. जंगल जिथे संपतं तिथून थेट बटाट्याची शेतं सुरू होतात. रवांडानं तर १९६९ मध्ये ज्यांपासून कीटकनाशक बनतं अशा फुलांच्या लागवडीसाठी उद्यानाचा मोठा तुकडा तोडला होता. गोरिला केळीची खोडं फाडून खातात, तेव्हा शेतकऱ्यानं काय करायचं? रवांडा पर्यटनाच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा शाळा, पाणी, दवाखाने यांसाठी आसपासच्या गावांना देतो. ब्विंडीच्या कडेला काही ठिकाणी चहा लावला आहे, कारण गोरिला चहाच्या पानांना तोंड लावत नाहीत. गावातले स्वयंसेवक आवाज करून त्यांना हळूहळू जंगलाकडे वळवतात.

एक गोष्ट जाहिरातींत सहसा नसते. १९९१ मध्ये ब्विंडी आणि म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यानं झाली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहणाऱ्या बात्वा लोकांना बाहेर काढलं गेलं. बहुतेकांना जमीन मिळाली नाही. आज त्यांची नृत्यं पर्यटकांना दाखवली जातात. आम्ही तो कार्यक्रम सहलीत ठेवत नाही. त्याऐवजी बात्वा गाइडबरोबरची जंगलकाठची फेरी ऐच्छिक ठेवली आहे, पैसे थेट त्याच्या हातात.

तयारी

चाल एक तासाची असेल किंवा सहा तासांची, ते गोरिला ठरवतात. उतार निसरडे आणि खाजकुयलीसारख्या आग करणाऱ्या झुडपांनी भरलेले असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड हातमोजे आणि घट्ट बूट घ्या. पोर्टर जरूर करा, सामान हलकं असलं तरी. यातले काही जण पूर्वी फास लावणारे आहेत, आणि आता ही मजुरी त्यांचं घर चालवते. युगांडासाठी पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घेऊन तिच्या दाखल्याचं पिवळं कार्ड जवळ ठेवा. परतताना भारतात ते दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. परमिट पासपोर्टवरच्या नावानंच निघतं, तेव्हा बुकिंगच्या वेळी पासपोर्टची स्पष्ट प्रत द्या.