भिंतीवरील दिवे : बसवणी व जोडणी

घराच्या भिंतीवर कायमचा बसवलेला विजेचा दिवा म्हणजे वॉल लाइट. बेळगाव सीमाभागातील जुन्या घरांत हे काम देवळी करीत असे. जाड भिंतीत ठेवलेल्या त्या कोनाड्यात तेलाची ज्योत वाऱ्यापासून सुरक्षित राही. आज त्याच भिंतींना छिद्रे पाडून २३० व्होल्ट दाबाची वीज नेली जाते, त्यामुळे भिंत कशाची आहे हे आधी पाहावे लागते.

खानापूर आणि पश्चिम बेळगावच्या पट्ट्यात जांभ्याची घरे पुष्कळ आहेत. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो, पण त्याची सच्छिद्रता जात नाही. ठोक्याच्या ड्रिलने छिद्राच्या कडा ढासळतात. म्हणून ठोका बंद ठेवून ड्रिल नुसते फिरवावे आणि लांब गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची खुंटी) घट्ट बसेल एवढेच छिद्र पाडावे. मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तेथे लाकडी गट्टू खोलवर पक्का करून त्यावर दिव्याची पट्टी आवळतात आणि दिवाही हलकाच घेतात. कन्सील वायरिंग (भिंतीच्या आतून पाइपातून नेलेली वायर) असलेल्या घरात स्विच बोर्डाच्या सरळ रेषेत, वर किंवा बाजूला, छिद्र पाडू नये, कारण वायरीचा पाइप बहुधा त्याच रेषेत असतो.

हेस्कॉमच्या (या भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या) मीटरपुढील वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी असते, आणि नवी लाइन परवानाधारक वायरमनकडूनच ओढून घ्यावी. दिव्यांच्या सर्किटला साधारणतः १.५ चौ. मिमी तांब्याची वायर व ६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास आपोआप बंद पडणारा स्विच) वापरतात. वीज गेली आहे तोवर काम उरकून घेण्याची सवय घातक आहे : पुरवठा केव्हाही परत येतो, आणि इन्व्हर्टर असलेल्या घरात दिव्यांची लाइन मुळात बंद झालेलीच नसते. एमसीबी स्वतः बंद करावा, टेस्टर आधी चालू पॉइंटवर पारखावा आणि मगच उघड्या टोकांना लावून पाहावा.

स्विच नेहमी फेजवर (वीज आणणाऱ्या वायरीवर) असावा. तो न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) असल्यास दिवा बंद दिसूनही होल्डरमध्ये वीज राहते; बंद केलेला एलईडी अंधुक तेवत राहिला, तर हा दोष तपासावा. धातूच्या दिव्याला हिरवी अर्थिंगची वायर जोडणे अनिवार्य आहे. ती कापून आत दुमडून ठेवलेली अनेक ठिकाणी आढळते, आणि फेजची वायर दिव्याच्या बॉडीला लागली की अशा दिव्याला हात लावणाऱ्याच्या अंगातूनच वीज जमिनीत उतरते. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. तो अर्थिंगची जागा मात्र घेऊ शकत नाही.

पडवीतील वा अंगणाकडील दिव्याला पावसाळ्यात खरी कसोटी लागते. झड सोसणाऱ्या भिंतीवर आयपी ६५ दर्जाचा (धूळ व पाण्याचा फवारा आत न येऊ देणारा) दिवा घ्यावा, वायरीला खाली झोल देऊन ती तळाकडून आत न्यावी, आणि दिव्याची वरची कड व दोन्ही बाजू सिलिकॉनने बंद करून खालची कड मोकळी सोडावी, म्हणजे भिंतीतून झिरपलेले पाणी मागे साचून राहणार नाही.