एमजीबीला नवा एअर फिल्टर बसवताय? आधी गॅस्केट बघा

आमच्याकडून फिल्टर नेलेल्या एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मालकांचा ठरलेला फोन असतो: ‘फिल्टर नवा, पण गाडी उचलतच नाही. वरच्या आरपीएमला दम सोडते.’ कुणी फिल्टर बदलून मागतं, कुणी कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलायला घेतं. बहुतेक वेळा दोन्ही चांगले असतात. गॅस्केट, म्हणजे फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मधली पातळ चकती, उलटं बसलेलं असतं.

१९६२ साली आलेल्या एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनावर एसयू कंपनीचे एचएस४ जातीचे दोन कार्बोरेटर होते. फिल्टर बसतो त्या तोंडावर बोल्टच्या भोकांखेरीज दोन बारीक भोकं दिसतील. एसयू कार्बोरेटरमधला पिस्टन (इंजिनातला नव्हे) वर जातो तो दाबातल्या फरकामुळे: वर व्हॅक्यूम, खाली बाहेरची हवा. ती हवा याच भोकांतून आत येते. गॅस्केट किंवा फिल्टरची मागची प्लेट उलटी लावली तरी बोल्ट नीट बसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण ही भोकं बुजतात. पिस्टन पुरता उचलत नाही, मिक्श्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), प्लग काळे पडतात. त्यात कुणी जेटचा (पेट्रोल येतं त्या नळीचा) नट फिरवला, तर मूळचं सेटिंगही हातचं जातं आणि ते परत आणायला आमचा अर्धा दिवस मोडतो.

बोल्ट घालण्याआधी गॅस्केट आणि प्लेट कार्बोरेटरवर धरून सगळी भोकं जुळतात का ते पाहा. एवढ्यासाठीच आम्ही सुटा फिल्टर विकत नाही. सोबत गॅस्केट देतो आणि वरच्या बाजूला रंगाची खूण करतो. पैसे थोडे जास्त पडतात, हे मान्य. पण आमच्या मते ते वाजवी आहेत.

निवडीबद्दल. नुसत्या तारेच्या जाळीचे चकचकीत फिल्टर आम्ही ठेवत नाही. आपल्याकडची बारीक धूळ त्यांतून सरळ सिलिंडरमध्ये जाते. तेल लावलेला कापडी फिल्टर धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतो, मात्र तेल बेताचं लावा. गाडी महिन्यातून एखाद्या रविवारीच निघत असेल, तर मूळचे डबे आणि कागदी फिल्टर उत्तम. त्या डब्यांच्या तळाला कार्बोरेटरकडे जाणारं तोंड गोलाईचं असतं, हवा सुरळीत जाते. सपाट प्लेटच्या फिल्टरमध्ये ती गोलाई नसते, म्हणून त्यासोबत स्टब स्टॅक (गोलाईच्या तोंडाच्या आखूड नळ्या) घ्यावेत. जुने डबे भंगारात देऊ नका.

मोकळ्या फिल्टरने मिक्श्चर थोडं लीन (पेट्रोल कमी) होऊ शकतं. इंजिन गरम करून ते चालू असताना कार्बोरेटरचा पिस्टन त्याच्या उचलायच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम क्षणभर वाढून स्थिरावले तर ठीक, वाढलेलेच राहिले तर रिच, इंजिन बंद पडू लागलं तर लीन. फरक जास्त असेल तर नीडल (जेटमधलं पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) बदलावी लागते. ते काम आमच्याकडे होतं, दोन्ही कार्बोरेटरच्या बॅलन्सिंगसकट.

ऑर्डर देताना कार्बोरेटरच्या तोंडाचा समोरून काढलेला फोटो पाठवा, आणि तिथून मडगार्डच्या आतल्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजून कळवा.