सामुदायिक प्रथमोपचार प्रशिक्षण

अपघात, बुडणे, सर्पदंश, भाजणे किंवा हृदय अचानक बंद पडणे अशा प्रसंगी वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंत काय करावे आणि काय करू नये, हे सर्वसामान्य लोकांकडून प्रत्यक्ष करवून घेऊन शिकवण्याची पद्धत. सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे व गरजेनुसार तोंडाने श्वास देणे, हा तिचा गाभा. रक्तस्राव थांबवणे, मोडलेले हाड आधार देऊन स्थिर ठेवणे, जखमीला उचलणे आणि पूर-भूकंपाची पूर्वतयारी हे विषयही तिच्यात येतात.

हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. काहीच केले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. एवढ्या वेळात शहरातही रुग्णवाहिका क्वचितच दारात येते, मग डोंगरातल्या वाडीवर कुठली? ती मिनिटे घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, एसटीतल्या सहप्रवाशांच्या हातात असतात.

इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी वुलिच येथे सामान्य नागरिकांसाठी वर्ग भरू लागले. जर्मनीत लष्करी शल्यचिकित्सक फ्रीडरिश फोन एस्मार्क यांनी १८८२ मध्ये कील येथे असेच वर्ग सुरू केले. सीपीआर मात्र त्यानंतर पाऊणशे वर्षांनी आले. जेम्स इलॅम व पीटर साफार या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात तोंडाने श्वास देण्याची उपयुक्तता सिद्ध केली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले, की झटका देणारी धातूची तबके छातीवर नुसती दाबली तरी रक्तदाब वाढतो. विल्यम कोवेनहोवेन, जेम्स ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तिला फक्त दोन हात लागतात, हे ठासून मांडले. तोवर थांबलेले हृदय दाबायचे तर छाती उघडावी लागे. त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्दाल यांनी सरावासाठी ‘ॲन’ ही बाहुली तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या अनामिक मुलीच्या, मृत्यूनंतर घेतलेल्या मुखवट्यावरून घेतल्याचे सांगतात. अमेरिकेतील सिॲटल शहराने १९७२ पासून नागरिकांना मोठ्या संख्येने शिकवायला घेतले, तेव्हा हे कौशल्य रुग्णालयाबाहेर खऱ्या अर्थाने रुजले.

शिकवण्यात सर्वांत अवघड भाग दाबण्याचा नसून ओळखण्याचा आहे. हृदय बंद पडलेला माणूस पुष्कळदा पहिली काही मिनिटे आचके देतो. पाहणाऱ्याला वाटते, श्वास चालू आहे, आणि तो थांबून राहतो. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पुरे; नाडी शोधण्यात सामान्य माणसाने वेळ घालवू नये. रुग्णाला गादीवरून कठीण जमिनीवर घ्यायचे, छातीच्या मधोमध तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा भाग, ठेवून, कोपरे ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतकी दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. श्वास देता येत असतील तर ३० दाबांमागे २. बुडालेल्यांना व लहान मुलांना श्वासाची गरज विशेष असते. इतरांसाठी भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत पुढे आणली: ओळखा, मदत बोलवा, दाबा, रुग्णालयात पोहोचवा. रस्त्यावर कोसळलेल्या बाईच्या छातीला हात लावायला लोक कचरतात. हा संकोच वर्गातच उघड बोलून दूर करायला हवा, कारण त्याची किंमत तिच्या जिवाने मोजली जाते.

आपल्याकडे वर्गाचा बराच वेळ जुन्या सवयी सोडवण्यात जातो. फिट आल्यावर चप्पल किंवा कांदा हुंगवणे, दातांत चमचा घालणे, भाजलेल्या जागी टूथपेस्ट लावणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे हे सगळे मायेपोटी होते, पण काही वेळा ते जिवावर बेतते. फिट आलेल्याला कुशीवर वळवावे. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कशाचाही दंश असो, आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. अवयव हलू न देता थेट दवाखाना गाठावा.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षित माणूस बंधनकारक केला. घरे, शाळा, बाजार मात्र मोकळेच राहिले. मदत केली तर पोलिसांचे झंझट मागे लागेल, ही भीती खरी होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने (कलम १३४-अ) अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. वर्गात हे कलम सांगितलेच पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीची घरे कोसळली, तेव्हा ढिगारे उपसायला आधी गावकरीच धावले. २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली. धावून जाणे आणि तयारीनिशी धावणे यांतला फरक तिथे दिसला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्थानिक स्वयंसेवकांना शोध, बचाव व प्रथमोपचार शिकवले जातात.

एकदा शिकून मात्र भागत नाही. सराव सुटला की काही महिन्यांतच हात चाचपडू लागतात, म्हणून वर्षातून एकदा मोठे शिबिर घेण्यापेक्षा दर तिमाहीला अर्धा तास बाहुलीवर दाबून घेतलेला बरा. प्रशिक्षणात क्वचितच येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे फोनवर पत्ता सांगणे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पण वस्तीचे नाव, जवळचे देऊळ किंवा पाण्याची टाकी, फाट्यापासूनचे अंतर हे घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. ते आधी कागदावर लिहून दाराजवळ लावावे, आणि रात्री फोन झाल्याबरोबर एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहावे.