लिनक्स डिस्ट्रो: सोपेपणा आणि कस्टमायझेशन

लोकांनी मिळून बनवलेल्या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, म्हणजे मुख्यतः लिनक्सच्या डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सभोवती बांधलेल्या तयार संचांमध्ये), सोपेपणा आणि कस्टमायझेशन यांची कायम ओढाताण चालू असते. सोपेपणा म्हणजे इन्स्टॉल केलं की वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग सगळं मुकाट चालू व्हावं. कस्टमायझेशन म्हणजे मेनू कुठे, कुठलं बटण काय करणार, आत कुठली सॉफ्टवेअर असणार हे ज्याचं त्याने ठरवावं. दोन्हीचा मेळ कुठे बसवलाय हे डिफॉल्टवरून कळतं, म्हणजे कोणी काहीच बदललं नाही तर समोर जे येतं त्यावरून.

लिनस टोरवाल्ड्सचं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, १९९१ चं, पण नुसतं कर्नल घेऊन कोणी काही करू शकत नाही, म्हणून १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि इयन मर्डॉकचं डेबियन अशी तयार संच देणारी डिस्ट्रो आली. त्या काळात वापरणारा माणूस जाणकारच असणार हे धरूनच चालायचे. २००४ मध्ये डेबियनवर बेतलेलं उबुंटू आलं, २००६ मध्ये उबुंटूवर बेतलेलं मिंट, आणि ज्याला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, माहीतच नाही असा माणूस समोर ठेवून विचार सुरू झाला.

२००२ च्या आर्च लिनक्सने उलटी वाट धरली. त्यांचं लिखित तत्त्वच असं की सगळ्यांना आवडायच्या मागे लागायचं नाही, जे हातभार लावतात त्यांच्या गरजा भागवायच्या. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघितली असेल तर हे लगेच समजेल, जो दोरीला हात लावतो त्याचा वाटा. मला हे तत्त्व प्रामाणिक वाटतं. पण मिंटवाले जे करतात, म्हणजे दोरीला हात न लावलेल्या घरातही मासळी शिजावी म्हणून राबतात, ते जास्त कष्टाचं आहे असं माझं मत आहे. आर्चनेही २०२१ पासून इन्स्टॉल करताना प्रश्न विचारत नेणारा आर्चइन्स्टॉल सोबत द्यायला सुरुवात केली.

सगळ्यात गाजलेलं भांडण डेस्कटॉपचं, म्हणजे मेनू, पॅनल, खिडक्या या स्क्रीनवरच्या मांडणीचं. ग्नोम नावाच्या डेस्कटॉपवर काम करणाऱ्या हॅवक पेनिंग्टनने २००२ मध्येच मांडलं होतं की प्रत्येक सेटिंगला किंमत असते. चालू-बंद अशी नुसती १० सेटिंगं धरली तरी १०२४ वेगवेगळ्या जोड्या होतात, त्या सगळ्या तपासणार कोण? त्याच विचाराने ग्नोमने पर्याय कमी करत नेले, आणि २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा लोकांचा सवयीचा खालचा पॅनल आणि मेनूच गेला. लोक भडकले, पण सोर्स उघडा असल्यामुळे नुसते भडकून थांबले नाहीत, अर्जेंटिनातल्या आर्च वापरणाऱ्या एकाने जुन्या ग्नोम २ वरून माटे काढलं, मिंटने सिनॅमन काढलं, दोन्ही वेगळे डेस्कटॉप. केडीई गटाच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपचं म्हणणं वेगळं, सुरुवातीला साधं दिसू दे, गरज पडली तर सगळं हाताशी असू दे. ऐकायला छान आहे, पण तिथे सेटिंगच्या जंगलात हवं ते शोधताना नवा माणूस दमतो. आणि ग्नोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, लावून मांडणी बदलणाऱ्यांना २०२३ मध्ये ग्नोम ४५ आल्यावर कळलं की मागच्या व्हर्जनची एक्स्टेन्शनं बदलून घेतल्याशिवाय नव्यात चालतच नाहीत.

मराठी माणसाची पहिली कस्टमायझेशन बहुतेक कीबोर्डचीच असते. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेला क्लार्क इन्स्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या प्रमाण मांडणीवर अडखळतो, आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या पोरांना दोन्ही नको असतात. किनाऱ्यावर तर दर्या आणि दऱ्या हे दोन्ही शब्द रोजचे, आणि ते वेगळे लिहिता आलेच पाहिजेत. इन्स्क्रिप्टमध्ये दऱ्यातला ऱ शिफ्ट धरून J हे बटण दाबल्यावर मिळतो, मग हलन्त, मग य. हे कळेपर्यंत माणूस दऱ्या लिहायला जातो आणि दर्या उमटतो. इथे डिस्ट्रोने एकच कीबोर्ड गळ्यात मारून चालत नाही, पण निवडायची जागा पहिल्या पाच मिनिटांत सापडली पाहिजे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर आमच्या ओळखीच्या जाळी-दोऱ्यांच्या दुकानात जुन्या कॉम्प्युटरवर मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती टाकली. दुकानवाल्या काकांचं काम म्हणजे कॅल्क या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये बिलं आणि उधारी, बस. सुट्टीत पुतण्या आला, त्याने पॅनल वर नेला, मेनू काढून टाकला, आयकॉन बारीक केले, दिसायला खरंच सुंदर केलं आणि पुण्याला निघून गेला. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, "माझां बटण खंय गेलां?" चूक दोघांचीही नव्हती. लिनक्समध्ये या असल्या सेटिंगा माणसाच्या होम फोल्डरमध्ये, कॉन्फिग नावाच्या लपवलेल्या फोल्डरात राहतात, म्हणजे अकाउंट वेगळं तर मांडणी वेगळी. पुतण्याला स्वतःचं अकाउंट करून दिलं, काकांचा पॅनल परत खाली आणला, आणि तेव्हापासून एकाच मशिनवर दोघं सुखात आहेत.

पूर्ण सिस्टिमच्या सेटिंगा मात्र एटसी नावाच्या फोल्डरात असतात आणि त्या सगळ्यांना लागू होतात. डेबियनची यातली सोय मला फार आवडते. तुम्ही हाताने बदललेली फाइल अपडेटमध्ये नव्याने आली तर ती गुपचूप पुसली जात नाही, तुमची ठेवू की नवी घेऊ असं विचारलं जातं, डी दाबलं तर दोन्हीतला फरक दिसतो, आणि नुसतं एंटर मारलं तर तुमचीच राहते. जाणकाराला ही सोय, नवख्याला तोच प्रश्न धडकी भरवतो. त्यात जूनच्या पावसात अपडेट चालू असताना लाइट गेली तर काम अर्धवट राहतं, आणि पुढचं वाक्य टर्मिनलमध्ये लिहायला सांगणारा मेसेज येतो. मिंटने २०१७ मध्ये १८.३ पासून टाइमशिफ्ट दिलं, त्यात आधी स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या वेळची नक्कल, घेऊन ठेवला असेल तर सिस्टिम कालच्या स्थितीला परत नेता येते. मोडलेलं परत जोडता येतं म्हटल्यावर माणूस बदल करायला धजावतो, म्हणून सोपेपणा आणि मोकळीक या दोघांसाठी मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते.

हे सगळं ठरवतं कोण? डेबियनमध्ये मोठा वाद झाला तर सभासद मत देतात. वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, बऱ्याचदा मुक्त लायसन्सचं नसतं, म्हणून तत्त्वाला धरून ते मुख्य इन्स्टॉलरमध्ये नसायचं. शहरात लॅनची केबल लावून भागायचं, पण गावात नेट म्हणजे मोबाइलचंच, वायफाय चालू होत नाही म्हणून फर्मवेअर उतरवता येत नाही आणि फर्मवेअर नाही म्हणून वायफाय चालू होत नाही, असा घोळ व्हायचा. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला दिलं, की सुटायचा, पण ते सांगणारं कोणीतरी शेजारी लागायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदानाने ठरवलं की हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घालायचं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आलं. इन्स्टॉलर कुठलं फर्मवेअर टाकलं ते सांगतो, आणि ज्याला तत्त्वासाठी ते नको असेल त्याला सुरुवातीलाच बंद करता येतं.