नेहरू स्टेडियम त्या मॅचमुळे बंद पडलं नाही

इंदुरात मराठी मंडळी जमली आणि विषय नेहरू स्टेडियमकडे वळला की कोणीतरी म्हणतंच, "९७ची ती मॅच रद्द झाली आणि ग्राउंड कायमचं बुडालं."

मॅच रद्द झाली, हे खरं. २५ डिसेंबर १९९७, भारत विरुद्ध श्रीलंका. खेळपट्टी इतकी बेभरवशाची की फक्त ३ षटकं झाली, श्रीलंका १ बाद १७, आणि सामना थांबवला. नामुष्की मोठीच होती.

पण पुढचं सांगताना लोक ३१ मार्च २००१ सोयीस्कर विसरतात. त्याच मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया वनडे झाली. सचिननं १३९ केले, वनडेतल्या १०,००० धावा त्याच डावात पूर्ण केल्या, भारत ११८ धावांनी जिंकला. बुडालेल्या ग्राउंडवर एवढं होत नसतं!

क्रिकेट गेलं ते मुख्यतः मालकीच्या प्रश्नामुळे. नेहरू स्टेडियम महापालिकेचं. मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेला भाड्याच्या घरात किती दिवस राहायचं? तिनं स्वतःचं मैदान उभारलं आणि १५ एप्रिल २००६ला तिथं इंग्लंडविरुद्ध वनडे झाली. तेच आजचं होळकर स्टेडियम.

मोठे सामने गेल्यावर जुन्या स्टँडची रया गेली, ती रोजच्या देखभालीअभावी. खेळपट्टीला उगाच दोष. आणि 'ओसाड' म्हणणाऱ्यांनी निवडणुकीच्या निकालादिवशी तिकडे जाऊन बघावं. इंदूरची मतमोजणी तिथंच होत आली आहे, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या रस्त्यांवर गाडी लावायला जागा मिळत नाही.