क्लॉकविना सर्किट आणि ‘साधनंच नाहीत’ हा गैरसमज

“असिंक्रोनस सर्किटं हातानेच काढावी लागतात, तपासायला सॉफ्टवेअरच नाही,” असं क्लॉकशिवाय, म्हणजे सगळ्या भागांना एकाच तालावर चालवणाऱ्या सिग्नलशिवाय, चालणाऱ्या या सर्किटांबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही, आणि त्यामुळे नवी मुलं या विषयाकडे वळतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

अशा सर्किटांची समीकरणं काढून देणारं ‘पेट्रिफाय’ हे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकातच आलं. मँचेस्टर विद्यापीठात अशी सर्किटं लिहून मांडायची ‘बाल्सा’ ही भाषा आणि तिचा कंपायलर घडला. न्यूकॅसल विद्यापीठाचं ‘वर्कक्राफ्ट’ हे आराखडा रेखाटून तपासायचं साधन आज मोफत मिळतं.

वर्कक्राफ्टमध्ये आपण सर्किटच्या दोन भागांमधल्या सिग्नलांचा क्रम रेखाटतो: एकाची मागणी चढते (० ची १ होते), दुसऱ्याची पोच चढते, मागणी उतरते, पोच उतरते. मोठ्या आराखड्यात कधी दोन अवस्थांत सगळ्या सिग्नलांची मूल्यं तंतोतंत सारखी असतात, पण पुढचं पाऊल वेगळं. सर्किटला त्या ओळखू येणार कशा? साधन नेमक्या त्या दोन अवस्था दाखवतं, फरक कळावा म्हणून एक अंतर्गत सिग्नल घालतं आणि मग गेटची समीकरणं काढून देतं. सर्किट कुठे अडकून पडेल, कुठे ग्लिच (सिग्नलमधली क्षणिक चुकीची उडी) येईल, हेही तपासता येतं.

गैरसमजाला आधार एवढाच, की बाजारातली नेहमीची साधनं क्लॉक गृहीत धरूनच बनलेली असतात. त्यांच्या टायमिंग तपासणीत अशी सर्किटं बसवताना खरंच जास्त कष्ट पडतात.