मोरीला बोळा, दरवाजा मोकळा: ‘९ टक्के’ गाडीकर्जाचा हिशोब

कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या पेंडीवर पाच रुपयांची घासाघीस करणारा माणूस दुचाकीच्या शोरूममध्ये ‘९ टक्के’ ऐकून सही करतो. ‘बँक १२ मागते, हे ९ मध्ये देतात, म्हणजे स्वस्त’ हा समज जुना आणि चुकीचा आहे.

ते ९ टक्के बहुतेक वेळा फ्लॅट असतात, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. १ लाख, ३ वर्षं: व्याज २७,०००, हप्ता ३,५२८. यात दरमहा ७५० रुपये व्याजाचे. दीड वर्षात निम्मं मुद्दल फिटतं, तरी व्याज पूर्ण लाखावरच, तेच ७५०. बँकेच्या १२ टक्क्यांत व्याज उरलेल्या मुद्दलावर: हप्ता ३,३२१, एकूण व्याज सुमारे १९,६००. म्हणजे ‘स्वस्त’ कर्ज ७,४०० रुपयांनी महाग. कोथिंबीर किती येईल, बघा.

३ वर्षांच्या कर्जात फ्लॅट दराला १.८ नं गुणा, खरा दर जवळपास कळतो. इथं १६.२ टक्के. प्रोसेसिंग फी, विमा वेगळाच.

सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या अटी आणि खर्च मांडलेला कागद) मागा आणि त्यातला एपीआर, म्हणजे फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर, वाचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. तिथं कर्जाचा खरा खर्च, म्हणजे हप्ता गुणिले महिने, वजा हातात पडलेली रक्कम, एवढं स्वतःच मांडा. हातात पडलेली, मंजूर झालेली नव्हे.